शेक घेतल्यावर कंबरेचं हाड का चिरतं

मावशीचा शेक, म्हणजे कॅन्सरवर देतात ते रेडिएशन, संपून दीड वर्ष झालं होतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, तो बरा झालेला, अन् ती पऱ्हाटीत वेचायला पण जायला लागली होती. एका दिवशी ओटी भरून उठली आणि ढुंगणाच्या वर अशी चमक निघाली की तिथंच खाली बसली. गावात लगेच सुरू, कॅन्सर हाडात उतरला. एका डॉक्टरनं वय झालं म्हणून पेनकिलर दिली. शेवटी नागपूरला एमआरआय केला तेव्हा कळलं, माकडहाडाच्या वरचं जे तिकोनी हाड असते, सॅक्रम, त्याला दोन्हीकडून बारीक चिरा. "पडली नाई झडली नाई, हाड कसं मोडलं बाप्पा?"

तर हे काही नवीन नाही, शंभर वर्षं जुनं आहे. 1895 ला एक्सरे सापडले, 1898 ला रेडियम, अन् थोड्याच वर्षांत दोन्ही कॅन्सरवर वापरायला लागले. 1926 मध्ये अमेरिकेतल्या जेम्स युइंग या डॉक्टरनं शेकानं खराब झालेल्या हाडाला रेडिएशन ऑस्टायटिस असं नाव दिलं. तेव्हाच्या मशीनचे किरण कमी ताकदीचे, आणि गंमत अशी की कमी ताकदीचे किरण मांसापेक्षा हाडच जास्त पिते, त्यातल्या कॅल्शियममुळे. म्हणून तेव्हा खुब्यात मांडीच्या हाडाची मान मोडायची. 1951 ला कॅनडात कोबाल्ट मशीनवर पेशंटला शेक देणं सुरू झालं, किरण ताकदवान झाले आणि हाडाचं हे जास्तीचं पिणं थांबलं. पण सॅक्रम सुटत नाही, कारण त्याच्या आजूबाजूच्या लसिका गाठींना (लिम्फ नोड) शेक द्यावाच लागतो. हाड बांधणाऱ्या पेशी मरतात, बारीक रक्तनळ्या आखडतात, मग रोजच्या चालण्याचा भारही त्याला झेपत नाही. साध्या एक्सरेत ही चीर आतड्यातल्या गॅसमागं लपते, म्हणून सीटी-एमआरआय येईपर्यंत कित्येक जणींचं दुखणं संधिवातात नाहीतर कॅन्सरच्या खात्यात गेलं असणार.

2005 ला अमेरिकेत 65 च्या वरच्या 6,428 बायकांचा अभ्यास छापून आला. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये शेक घेतलेल्यांपैकी 8.2 टक्के जणींना पाच वर्षांत कंबर-खुब्याचं फ्रॅक्चर, न घेतलेल्यांत 5.9. गुदद्वाराच्या कॅन्सरमध्ये तर 14 विरुद्ध 7.5. आता हे आकडे म्हाताऱ्या बायकांचे, आपल्याकडं चाळीस-पन्नाशीतच हा आजार गाठतो, हे खरं. पण शेकानं अंडाशय बंद पडतात, पाळी एकदम जाते, इस्ट्रोजन गेलं की हाड अजून पोकळ, म्हणजे वय कमी असलं तरी सुटका नाही.

मावशीला कॅल्शियम, व्हिटॅमिन डी दिलं, वजन उचलणं बंद, काही महिने काठी. दुखणं बसलं. नंतर मी तिची जुनी फाईल चाळली, शेकानंतर काय होऊ शकते त्याचा एक कागद होता, जुलाब, लघवीची जळजळ, चामडी काळी पडणं, सगळं लिहिलेलं. हाडाचा ह पण नव्हता.