तिथीची पाऊणपट

अटल सेतूचे खांब उभे राहण्यापूर्वीची गोष्ट आहे. फेब्रुवारीतल्या एका पौर्णिमेला पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवावेत म्हणून मी त्यांना भर दुपारी शिवडीच्या धक्क्यावर नेले, तर समोर काठाला टेकलेले गढूळ पाणी आणि त्यावर डुलणाऱ्या दोन होड्या, एवढाच देखावा होता. शेजारी जाळे दुरुस्त करत बसलेल्या कोळी काकांनी आमच्या गळ्यातल्या दुर्बिणी पाहिल्या आणि म्हणाले, “पुनवंला बारा वाजता कोन येतं पाखरं बघायला? तीनला या.” आम्ही तीनला पुन्हा गेलो तेव्हा पाणी बरेच मागे सरले होते आणि उघड्या पडलेल्या चिखलावर हजारो पक्षी उतरले होते.

काकांनी घड्याळ पाहिले नव्हते, तिथी पाहिली होती. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचे एक जुने गणित आहे: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती येते आणि त्यानंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने पूर्ण ओहोटी लागते. यामागे चंद्राची चाल आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत पुढे सरकलेला असतो, त्यामुळे भरती दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. पाऊणपटीचे गणित तिथीमागे ४५ मिनिटेच धरते, म्हणून पंधरवड्याच्या शेवटी ते मागे पडते. पौर्णिमेला ते सव्वाअकरा सांगते, तर मुंबईत पाणी प्रत्यक्षात बाराच्या सुमारास भरते. तोंडी हिशेबासाठी एवढी चूक मला तरी माफ वाटते. ठाणे खाडीत आत ऐरोलीपर्यंत पाणी पोहोचायला आणखी थोडा वेळ लागतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येऊन उधाण येते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असते. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीचे इशारे मुंबईकर वाचतात, ते याच उधाणाचे. पक्षी पाहणाऱ्याला मात्र भरतीही अडचणीची आणि पूर्ण ओहोटीही, कारण पाणी फार दूर गेले की पक्षीही त्याच्यामागे दूर जातात आणि दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. भरतीनंतरचे दोन-तीन तास, किंवा पाणी पुन्हा चढू लागून पक्ष्यांना काठाकडे रेटू लागते तो वेळ सर्वांत चांगला. म्हणून मी दशमी-एकादशीची सकाळ निवडतो. भरती साडेसात-आठला होऊन जाते आणि दहाच्या कोवळ्या उन्हात चिखल उघडा पडतो.

हा चिखल घाणेरडा दिसतो, आणि शहराचे सांडपाणी येत असल्याने काही अंशी तो आहेही. पण त्याच्या पृष्ठभागावर डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचा आणि नील-हरित शैवालांचा निसरडा थर असतो, त्याखाली कृमी, शिंपले आणि खेकड्यांची पिल्ले असतात. तिवरांच्या श्वसनमुळांमधून निवटी हे चिखलातले मासे उड्या मारत फिरतात. या एकाच ताटातून अनेक जण जेवतात, ते चोचींच्या फरकामुळे. चिखल्या हा आखूड चोचीचा, मोठ्या डोळ्यांचा पक्षी चार पावले धावतो, थबकतो आणि दिसलेला किडा टिपतो. मलगुजा डोळ्यांवर विसंबत नाही. तो लांब चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो. चोचीच्या टोकाशी दाब ओळखणारे सूक्ष्म संवेदक असतात आणि चोच बाकी मिटलेली असतानाही वरचे टोक तेवढे उचलता येते, त्यामुळे खोलवरचा कृमी तो आतल्या आत चिमटीत पकडतो. उचाट्या आपली वर वळलेली चोच पातळ चिखलावरून विळ्यासारखी डावी-उजवीकडे फिरवत चालतो.

रोहित मात्र डोके उलटे करून खातो. वरची चोच खाली, खालची वर, आणि जाड जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होऊन सेकंदाला कित्येकदा पाणी आत ओढते आणि बाहेर टाकते. चोचीच्या कडांवरच्या बारीक दातेरी चाळणीत अन्न अडकते. धाकटा रोहित या जातीची चाळणी इतकी बारीक असते की ती मुख्यतः सूक्ष्म शैवालावर जगते, तर थोरला रोहित ही दुसरी जात कवचधारी जीव आणि अळ्या गाळते. पंखांचा गुलाबी रंग याच आहारातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतो, आणि म्हणूनच करडी पिल्ले मोठी होता होता हळूहळू गुलाबी होत जातात. चिलीच्या रोहितांवरील, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पाय थोपटून आणि डोके झटक्याने वर ओढून हा पक्षी पाण्यात छोटे भोवरे निर्माण करतो, आणि पळू पाहणारे जीव त्यात अडकतात. धक्क्यावरून पाहताना जे गोल गोल नाचल्यासारखे वाटते, ते बहुधा मासेमारीइतकेच कामाचे असावे.

पाणी चढले की हे सारे कुठे जातात, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला, पण भरतीच्या वेळी पक्ष्यांना विसावायला लागणारी मिठागरे आणि उथळ तळी बरीचशी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. कागदोपत्री ती पडीक ठरतात. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडच्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन घरबांधणीसाठी घेण्याचा निर्णय केला. ओहोटीच्या वेळी तिथे फेरी मारणाऱ्याला जागा रिकामीच दिसणार, यात त्याचा दोष नाही.

भांडुपच्या एका मिठागरावर उधाणाच्या दुपारी उभे राहिल्यावर वेगळे दिसते. शेकाट्या, टिलवे, मलगुजे आणि कुरव बांधाच्या कडेने वाऱ्याकडे तोंड करून उभे असतात, बरेचसे एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. खाडी तिथून दिसतही नाही, मध्ये तिवरांची भिंत आहे. तरी दीड-दोन तासांनी एक मलगुजा मान वर काढतो, दुसरा पंख झटकतो, थव्यात कुजबुज वाढते, आणि पाच-दहाच्या टोळ्यांनी पक्षी तिवरांवरून पूर्वेकडे निघतात.