कौटुंबिक छायाचित्रांची डागडुजी व रंगभरण

फिकट पडलेल्या, फाटलेल्या किंवा डागाळलेल्या जुन्या छायाचित्रातील दृश्य पुन्हा स्पष्ट करणे म्हणजे डागडुजी आणि कृष्णधवल छायाचित्रावर रंग चढवणे म्हणजे रंगभरण. दोन्ही कामे बहुधा एकाच कारागिराकडे किंवा एकाच संगणकप्रणालीत पाठोपाठ होत असल्याने ती एकच समजली जातात. वस्तुतः डागडुजीत चित्रात एकेकाळी असलेले तपशील परत मिळवायचे असतात, तर रंगभरणात चित्रात कधीच नसलेली माहिती बाहेरून आणावी लागते.

छायाचित्र खराब होण्याची कारणे त्याच्या घडणीत असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बऱ्याच प्रती अंड्यातील पांढऱ्याचा थर दिलेल्या अल्ब्युमिन कागदावर काढलेल्या असून त्या काळाबरोबर पिवळ्या पडतात व त्यांतील उजळ भागांचे बारकावे आधी नाहीसे होतात. नंतर रूढ झालेल्या जिलेटिनच्या कागदावर प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची बनलेली असते. छपाईनंतर प्रत नीट धुतली गेली नाही, तर कागदात राहिलेला हायपो, म्हणजे प्रतिमा पक्की करण्याचे रसायन, त्या चांदीवर क्रिया करून तपकिरी-पिवळे डाग पाडतो. जिलेटिन हे बुरशीचे आवडते खाद्य आहे. मुंबई-कोकणातील दमट हवेत ते फुगून तसबिरीच्या काचेला चिकटते, आणि अशी प्रत ओढून सोडवू गेल्यास चेहराच काचेवर राहतो. म्हणून ती काचेसकट स्कॅन करणे श्रेयस्कर. गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकातील लग्नाचे रंगीत अल्बम लालसर दिसतात, कारण त्या कागदांतील सायन, म्हणजे निळसर-हिरवे, रंजकद्रव्य अंधारात ठेवले तरी इतर दोन रंजकद्रव्यांच्या, म्हणजे किरमिजी व पिवळ्याच्या, आधी विरते.

हाताने रंग भरण्याची कला छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८४० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील योहान बाप्टिस्ट इझेनरिंग डॅगेरोटाइपवर, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरील आरंभीच्या छायाचित्रांवर, डिंक मिसळलेली रंगपूड वापरत होता. भारतातही छायाचित्रण त्याच सुमारास पोचले आणि मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. येथे लघुचित्रांच्या परंपरेत तयार झालेल्या चित्रकारांनी अनेकदा अपारदर्शक जलरंगांनी जवळजवळ सगळे छायाचित्र झाकून टाकले, त्यामुळे चेहरा कॅमेऱ्याचा आणि बाकी सारे कुंचल्याचे अशी मिश्र चित्रे तयार झाली. विसाव्या शतकातील स्टुडिओंत मात्र पारदर्शक तैलरंग कापसाच्या बोळ्याने चोळून लावत. त्याआधी प्रत सेपिया, म्हणजे तपकिरी छटेची, करून घेतल्यास सावल्यांना ऊब येई आणि त्वचेचा रंग सहज बसे. समूहचित्रातून दिवंगताचा चेहरा मोठा करून, त्याला नवे उपरणे किंवा कोट रंगवून, हार घालण्याजोगी तसबीर करून देणे हेही याच कारागिरांचे काम असे.

संगणकावरील कामाची सुरुवात स्कॅनिंगपासून होते. सामान्य आकाराच्या प्रतीसाठी इंचाला ६०० बिंदू पुरतात, लहान प्रतींसाठी १२०० घ्यावेत आणि मूळ स्कॅनला हात न लावता वेगळ्या थरांवर काम करावे. फोटोशॉप १९९० मध्ये आले. शेजारच्या भागाचा पोत घेऊन डाग बुजवणारा ब्रश त्यात २००२ मध्ये मिळाला आणि ओरखडे काढणे मिनिटांचे काम झाले. सोय झाली तशी एक चूकही सोपी झाली. गोंदण, तीळ, देवीचे व्रण, इतकेच काय कपाळावरचे कुंकूही डाग समजून पुसले जाते. २०२१ नंतर प्रसृत झालेल्या चेहरा सुधारणाऱ्या प्रणाली अंधुक डोळे-ओठ हजारो परक्या चेहऱ्यांवरून शिकलेल्या नमुन्यांनी भरून काढतात. चेहरा रेखीव होतो, पण तो आजोबांचाच राहतो असे नाही.

रंगभरणाची खरी अडचण राखाडी छटेत आहे. हेर्मान फोगेल याने १८७३ मध्ये रंजकद्रव्ये मिसळून पायसाची, म्हणजे काचेवरील प्रकाशसंवेदी लेपाची (इमल्शन), संवेदनशीलता इतर रंगांपर्यंत वाढवता येते हे दाखवण्यापूर्वी छायाचित्र टिपणाऱ्या काचपट्ट्या मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत, आणि लाल प्रकाशही टिपणाऱ्या पट्ट्या बाजारात येण्यास १९०६ उजाडले. त्यामुळे त्या काळच्या चित्रात निळे आकाश पांढरे, तर लाल वस्तू जवळजवळ काळी दिसते. पुणेरी पगडी, कुंकू आणि विधवेचे तांबडे लुगडे, म्हणजे आलवण, ही तिन्ही काळी उमटतात. काळे दिसते म्हणून आलवणाला गर्द निळा रंग देणे म्हणजे त्या बाईचे वैधव्यच चित्रातून पुसणे होय. २०१६ पासून प्रचलित झालेल्या स्वयंचलित प्रणाली लाखो छायाचित्रांवरून संभाव्य रंग ठरवतात. आकाश, गवत, त्वचा येथे त्या बऱ्यापैकी चालतात, पण कापडाचा रंग कोणताही असू शकत असल्याने सरासरीकडे झुकून मळकट तपकिरी छटा देतात.

येथे उपयोगी पडते ती घरातील माणसांची आठवण आणि त्यांच्याकडची रंगांची नावे. आजीचे लुगडे ‘हिरवे’ होते असे सांगण्यापेक्षा ते शेवाळी, पोपटी की मोरपंखी, हे विचारावे. चिंतामणी, डाळिंबी, अंजिरी, आमसुली या नावांत जो नेमकेपणा आहे तो संगणकाच्या रंगपट्टीवर शोधता येतो. ट्रंकेत उरलेला खणाचा तुकडा असेल तर त्याहून उत्तम. नथ बहुधा डाव्या नाकपुडीत असते, त्यावरून प्रत उलटी छापली आहे की काय तेही पडताळता येते.

रंगभरणातील स्वातंत्र्य कोठवर, हा प्रश्न २०२१ मध्ये जगापुढे आला. कंबोडियातील ख्मेर रूज राजवटीच्या तुओल स्लेंग तुरुंगातील बळींच्या छायाचित्रांना रंग देताना काहींच्या चेहऱ्यावर हसू चढवल्याचे उघड झाले, कंबोडियाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि ती चित्रे मागे घेतली गेली. घरगुती चित्रांत इतका गंभीर प्रसंग येत नाही; तरीही रंगीत प्रतीच्या समासात रंग नंतर भरल्याचे आणि ते कोणाच्या सांगण्यावरून भरले याचे टिपण ठेवावे. मूळ प्रतीची मागील बाजूही स्कॅन करावी, कारण स्टुडिओचा शिक्का, तारीख किंवा एखाद्या घरात मोडीत लिहिलेले नाव तिथेच सापडते.