लाल पान आणि तपकिरी बाटली

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधला डोंगर, शेंदरी-लाल झाडं आणि खाली ओळ : ‘पहिलं हिम पडलं की इथली पानं लाजून लाल होतात.’ लाजण्याचं सोडून देऊ, पण हिमाचं मला सोडवेना. कारण नेमका तेव्हाच मी त्या डोंगररांगेच्या पायथ्याशी लेक-जावयाबरोबर बुटाच्या नाड्या बांधत होतो. झाडं लाल होती आणि हिमाचा पत्ता नव्हता.

माउंट विलर्ड हा व्हाइट माउंटन्समधला सोपा ट्रेक. क्रॉफर्ड नॉच खिंडीतल्या जुन्या रेल्वे स्टेशनापासून वाट सुरू होते, जाऊन येऊन जेमतेम ५ किलोमीटर. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्याला घामही धड येणार नाही. माथ्यावर ग्रॅनाइटचा उघडा सपाट कडा आहे आणि त्याच्या पुढ्यात हिमनदीनं खरवडून काढलेली, इंग्रजी ‘यू’च्या आकाराची दरी. दरीच्या दोन्ही उतारांवर रंगांचे पट्टे दिसतात : वर स्प्रूस आणि फरचा काळपट हिरवा, मध्ये बर्चचा पिवळा, तळाला मेपलचा लाल. अर्धा तास कोणी काही बोललं नाही. आमच्या घरात हे विक्रमी आहे.

पिवळ्या रंगाचं उत्तर शाळेत झालेलं असतं. कॅरोटिनॉइड ही पिवळी द्रव्यं पानात उन्हाळाभर असतातच, हरितद्रव्याखाली झाकलेली. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातला ऐवज खोडात परत न्यायला लागतं. सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे नायट्रोजन. पानातल्या नायट्रोजनचा मोठा हिस्सा, साधारण तीन चतुर्थांश, हरितलवकांतल्या प्रथिनांत अडकलेला असतो. ती प्रथिनं मोडायची तर त्यांना चिकटलेलं हरितद्रव्य आधी निकामी करावं लागतं. हिरवा उतरतो आणि खालचा पिवळा उघडा पडतो.

लालची गोष्ट वेगळी आहे. अँथोसायनिन हे लाल द्रव्य बहुतेक झाडांच्या पानांत आधी नसतं. झाड ते शेवटच्या काही आठवड्यांत, साखर खर्चून, नव्यानं बनवतं. पान तर टाकूनच द्यायचंय! घर रिकामं करताना भाडेकरू पदरच्या पैशानं भिंतींना रंग लावतो का?

उतरताना वाटेत उत्तराचा अर्धा भाग सापडला. एक मेपलचं पान उचललं. सगळं लाल, पण मधोमध दुसऱ्या पानाच्या आकाराचा स्वच्छ पिवळा ठसा, अगदी करवतीसारख्या कडेसकट. फांदीवर असताना याच्यावर शेजारचं पान टेकलेलं होतं. जिथं ऊन पडलं तिथं लाल, जिथं सावली तिथं पिवळं. थंडी तर दोन्ही भागांना सारखीच लागली होती.

म्हणजे प्रश्न उन्हाचा आहे. इथून पुढे थोडं रसायन येईल. मी ते आयुष्यभर शिकवलंय, त्यामुळे आवरणं कठीण आहे.

हरितद्रव्याच्या रेणूवर प्रकाशकण आदळला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. रेणू ‘उत्तेजित’ होतो आणि ही ऊर्जा त्याला कुठंतरी द्यावीच लागते. उन्हाळ्यात गिऱ्हाईक तयार असतं : प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा ती घेऊन साखर बनवते. उरलेली उष्णता म्हणून जाते, किंचित प्रकाश म्हणून परत बाहेर पडते. ऑक्टोबरमध्ये मात्र साखरेचा कारखाना अर्धा मोडून काढलेला असतो, सकाळच्या गारठ्यात जी विकरं उरलीत तीही सुस्त असतात. प्रकाश पकडणारं हरितद्रव्य अजून हजर आणि ऊन तर कडक. मग उत्तेजित इलेक्ट्रॉन आपल्या फिरकीची दिशा पालटतो आणि रेणू ‘त्रिक’ अवस्थेत शिरतो. या अवस्थेतून सरळ खाली उतरायला नियमांची आडकाठी असते, म्हणून रेणू तिथं तुलनेनं बराच काळ रेंगाळतो. रेंगाळणारा उत्तेजित रेणू घातक, कारण शेजारी ऑक्सिजन आहे आणि साधा ऑक्सिजन स्वतःच त्रिक अवस्थेत असतो. दोघांची फिरकी जुळते, ऊर्जा हस्तांतरित होते आणि तयार होतो ‘एकक’ ऑक्सिजन. तो जवळ सापडेल ते, म्हणजे पेशीपटलातली मेदद्रव्यं, प्रथिनं, सगळं जाळत सुटतो. फिरकीचा भाग डोक्यावरून गेला असेल तर एवढंच ठेवा : पकडलेल्या उजेडाला वाट मिळाली नाही की तो घर जाळतो.

आणि घर जळालं की नायट्रोजन आतच राहिला. लाल द्रव्य पानाच्या वरच्या थरात उभं राहून हिरव्या-निळ्या प्रकाशाचा काही भाग अडवतं. टेलर फील्ड, डेव्हिड ली आणि मिशेल हॉलब्रुक यांनी २००१ मध्ये डॉगवुड या झुडपाच्या पानांवर तीव्र निळा प्रकाश टाकून पाहिलं. लाल पानं त्या तडाख्यातून पिवळ्यांपेक्षा लवकर सावरली. २००३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी लाल द्रव्य बनवताच न येणारी उत्परिवर्तित झुडपं घेतली. भर उन्हात या झुडपांना पानांतला नायट्रोजन नेहमीसारखा परत ओढता आला नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये तपासलेल्या ८९ वृक्ष-झुडपांपैकी ६२ जातींच्या उतरत्या पानांत हे लाल द्रव्य सापडलं, तेव्हा ही एखाद-दुसऱ्या झाडाची लहर नाही. दुसरं मतही आहे. उत्क्रांतीचा थोर अभ्यासक विल्यम हॅमिल्टन म्हणत असे की भडक रंग ही माव्याला दिलेली धमकी आहे : हे झाड सशक्त आहे, इथं अंडी घालू नका. मला सावलीचा ठसा जास्त पटतो.

आणि हिम? गार पण गोठणबिंदूच्या वरच्या रात्री आणि लख्ख उन्हाचे दिवस असले की रंग सर्वांत छान येतो. कडक हिम पडलं तर पेशीच मरतात, पान तपकिरी होऊन लोंबतं.

खाली आल्यावर जावई म्हणाला, “बाबा, आता फ्रेश हॉप बिअर.” गाडी लेक चालवणार होती. गावातल्या छोट्या ब्रुअरीच्या अंगणात बसलो. हॉप्स म्हणजे वेलीवरची कागदी, हिरवी, पाइनच्या शंकूसारखी मादी फुलं. बिअरचा कडवटपणा आणि बराचसा वास त्यांचा. एरवी ती तोडल्यावर लगेच वाळवतात, कारण ताज्या फुलात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं आणि ढीग लावला की ती आतून तापतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या तोडणीत मात्र थोडी फुलं न वाळवताच, शक्यतो त्याच दिवशी, उकळत्या पातेल्यात जातात. ती बिअर शरदातच मिळते. पहिला घोट कापलेल्या गवतासारखा, मागून संत्र्याची साल. छानच होती.

वीस मिनिटांनी तोच ग्लास तोंडाला लावला आणि घाण वास आला. जळकं रबर, त्यात कुजका लसूण. मी ब्रुअरीला दोष देणार, इतक्यात लेक म्हणाली, “बाबा, तुमचा ग्लास उन्हात आहे.” जावयाचा छत्रीच्या सावलीत होता. त्याचा हुंगून पाहिला, ठणठणीत.

हा दोष जुनाच आहे, १८७५ मध्ये कार्ल लिंटनर या जर्मन रसायनज्ञानं त्याची नोंद केली. यातला आरोपी रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनंतर लघवी पिवळीधमक होते ती यानंच. बिअरमध्ये ते माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून येतं. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश ते शोषतं आणि पुन्हा तोच खेळ : उत्तेजित रेणू, त्रिक अवस्था, रेंगाळणं. फक्त शेजारी या वेळी हॉप्सचं कडू द्रव्य, आयसोह्युम्युलोन असतं. रायबोफ्लेविन त्याचा इलेक्ट्रॉन खेचतं, त्याची बाजूची साखळी तुटते, पाच कार्बनचा तुकडा सुटतो आणि बिअरमधल्या गंधकयुक्त तुकड्याला जाऊन चिकटतो. जे तयार होतं ते स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्यातल्या द्रव्याचं सख्खं चुलत भावंड. ते लिटरमध्ये ४-५ नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. ऑलिंपिकच्या २५ लाख लिटरच्या तलावात साधारण १० मिलिग्रॅम, म्हणजे साबुदाण्याच्या एका दाण्याइतकंही नाही!

बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठी. तपकिरी काच निळा प्रकाश जवळजवळ सगळा अडवते. हिरवी काच बराच आत सोडते, म्हणून हिरव्या बाटलीचा ‘परदेशी’ रुबाब मला कधी समजलेला नाही. पत्र्याचा कॅन तर अंधारकोठडीच. छोट्या ब्रुअरीतले क्राफ्ट बिअरवाले त्याकडे वळले ते काही फक्त रंगीत लेबलांसाठी नाही. मेपलनं पानाला लाल पडदा लावला, माणसानं बिअरला तपकिरी. दोन्ही पडदे नेमक्या एकाच रंगाचा प्रकाश अडवत नाहीत, तेव्हा उपमा फार ताणू नये. पण भीती एकच आहे.

बिअर आणि लघवीचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं एक लोकप्रिय औषध : मुतखडा झाला की बिअर प्या. दारूनं लघवी जास्त होते आणि शरीर कोरडं पडतं. शिवाय बिअर युरिक आम्ल वाढवते आणि काही खडे त्याचेच असतात. लघवीच वाढवायची तर पाणी आहे, स्वस्त आहे, आणि ते उन्हात ठेवलं तरी वास मारत नाही.

लाल पडद्याचा हक्क फक्त थंड देशांना नाही. फाल्गुनात सह्याद्रीतल्या कुसुंबाला लालभडक कोवळी पालवी फुटते. आंब्याची नवी पानं तांबूस लोंबतात. तिथं कारखाना अजून उभा राहिलेला नसतो, ऊन मात्र आलेलं असतं. आणि प्रत्येक सोसायटीच्या कोपऱ्यात असतो तो देशी बदाम पुण्या-मुंबईत पानं लाल करूनच टाकतो, हिमाचा कण न पाहता. ग्रुपवर हे सगळं लिहिलं. उत्तरादाखल दोन अंगठे आणि एक ‘सुप्रभात’ आलं.

जानेवारीपासून मी आमच्या बदामाखाली सावलीचा ठसा असलेलं पान शोधतोय. आतापर्यंत एक मिळालंय, अर्धं लाल, अर्धं पिवळं, पण मधली रेघ काही मेपलइतकी स्वच्छ नाही. वॉचमन रोज विचारतो, “काका, काही हरवलंय का?”