ग्लासाला घाम फुटला की आभाळाकडे बघा

मे महिन्याच्या दुपारी फ्रिजमधलं गार पाणी स्टीलच्या ग्लासात ओता, टेबलावर ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. कोरड्या दिवशी ग्लास बाहेरून जेमतेम ओलसर होतो. एखाद्या दिवशी मात्र थेंब ओघळून बुडाशी पाण्याची चकती साचते. नागपुरात वादळी पावसाची शक्यता वाढल्याची घरबसल्या दिसणारी याहून सोपी खूण नाही.

हा ग्लास दाखवतो तो दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान. वारा वायव्येकडून, राजस्थान-मध्य प्रदेशाच्या तापल्या जमिनीवरून येत असेल तर दवबिंदू ८ अंशांच्या आसपास असतो. फ्रिजचं पाणीही साधारण तेवढंच गार, म्हणून ग्लास कोरडा. वारा फिरून दक्षिण-आग्नेयेकडून येऊ लागला की बंगालच्या उपसागरावरची वाफ विदर्भात शिरते आणि दवबिंदू १८ ते २० पर्यंत चढतो. विदर्भापासून कर्नाटक-तमिळनाडूपर्यंत कमी दाबाची द्रोणिका, म्हणजे लांबट पट्टा, पसरल्याचं हवामान खातं सांगतं, तेव्हा बहुधा हेच घडत असतं.

पारा दोन्ही दिवशी ४२ वरच असू शकतो. म्हणून नुसतं कमाल तापमान पाहून फसायला होतं. त्यापेक्षा सकाळी साडेआठची आर्द्रता बघावी. त्या वेळी तापमान ३० असेल तर ८ अंश दवबिंदूला आर्द्रता २५ टक्के भरते, २० अंशाला ५५ टक्के. एका रात्रीत एवढी उडी दिसली की दुपारनंतरचं नियोजन बदललेलं बरं.

ढगाचा तळ किती उंचावर बसेल याचा हिशेब तोंडी करता येतो. तापमानातून दवबिंदू वजा करा आणि १२५ ने गुणा, उत्तर मीटरमध्ये येतं. ४२ आणि ८ असेल तर ४,२५० मीटर, ४२ आणि २० असेल तर २,७५० मीटर. तळ जितका खाली, तितका ढग सहज बनतो आणि त्याचा पाऊस जमिनीपर्यंत पोचण्याची आशा जास्त.

पण नुसत्या वाफेने काम होत नाही. दीड ते तीन किलोमीटर उंचीवर बऱ्याचदा उष्ण, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. खालची हवा वर चढते, तिथे अडते आणि दिवसभर नुसता उकाडा होतो. झाकण टिकलं तर संध्याकाळ तशीच जाते. फुटलं तर कोंडलेली हवा उसळते आणि तास-दीड तासात ढग १२ किलोमीटरच्या वर जातो. नागपूरच्या सोनेगावहून सोडला जाणारा हवामान फुगा याच झाकणाची जाडी मोजून आणतो. पण ते दुपारी नेमकं कुठे फुटेल, हे पहाटे कोणीच सांगू शकत नाही.

मग वादळी पावसाबरोबर गारवा येतो कुठून? नागपूरकराला हे वेगळं शिकवायला नको, कारण त्याच्या खिडकीत कुलर आहे. कुलरच्या ताट्यांवरचं, म्हणजे बाजूच्या गवती जाळ्यांवरचं, पाणी उडताना हवेतली उष्णता घेतं. एक किलो हवेत एक ग्रॅम पाणी विरलं की हवा अडीच अंशांनी थंड होते. ढगाखालच्या कोरड्या हवेतून पडणारे थेंब हेच करतात. चार ग्रॅम विरले की दहा अंश गेले. गार झालेली हवा जड होते, खाली आदळते आणि चहूकडे पसरते. पावसाच्या आधी येणारा, धूळ उडवणारा, झाडं पाडणारा वारा तो हाच. कधीकधी थेंब वाटेतच संपतात. मग उरलेल्या वाटेत हवा दाबली जाऊन पुन्हा तापते, डोळ्यांत नुसती धूळ जाते आणि गारवा हाती लागत नाही.

पावसाच्या दुसऱ्या दिवशी तक्रार ठरलेली: कुलर हवा देतो, पण अंग चिकचिकतं. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना पाणी उडून हवा फार तर २२ अंशांपर्यंत उतरू शकते, म्हणजे २० अंशांचा वाव. पावसानंतर ३० अंश आणि ७० टक्के असेल तर मर्यादा साडेपंचवीसच्या आसपास, वाव जेमतेम साडेचार अंशांचा. अशा दिवशी पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. (पाणी भरताना प्लग काढायचा, हे दरवर्षी सांगावं लागतं आणि सांगत राहायला हवं.)

हवामान अंदाजातले शब्दही मोजून वापरलेले असतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के. विदर्भाचे जिल्हे अकरा आणि वादळी ढगाचा एक पुंजका पाच-दहा किलोमीटर रुंद, अर्धा-एक तास जगणारा. नागपूरजवळच्याच हिंगण्याला धो धो आणि कामठीला कोरडं, यात अंदाज चुकलेला नसतो. सकाळचा अंदाज दिवस ठरवायला घ्यावा आणि बाहेर पडण्याआधी पुढच्या तीन तासांचा, रडारवर बेतलेला इशारा पाहावा. तापमानाचंही तसंच. मे महिन्यात इथली कमाल तापमानाची सरासरी ४२-४३ असते, म्हणून ३८ अंशांना 'सरासरीपेक्षा कमी' म्हणतात. एरवी ३८ म्हणजे भाजणारं ऊनच, दुपारी डोक्याला दुपट्टा हवाच.

गारांची भीती मेपेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त. मेमध्ये शून्य अंशाची पातळी पाच किलोमीटरच्या आसपास असते, त्यामुळे बरीचशी गार वाटेत वितळते. पश्चिमी विक्षोभाने, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या हवेच्या प्रणालीने, वरची हवा थंड केली की ही पातळी खाली येते आणि गार शाबूत पोचते. काटोल-नरखेडच्या बागांत नेमका तेव्हा मृग बहराचा (पावसाळ्यात फुललेला) संत्रा तोडणीला आलेला असतो, आंबिया बहराची (हिवाळ्याअखेर येणारी) फुलं धरत असतात आणि शेजारी गहू-हरभरा काढणीला उभा असतो. एका गारपिटीत तीन पिकं जातात.

विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर असू द्यावं. ते २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यातल्या विजा दाखवतं. नेटवर्क नसेल तर आकडे मोजावेत. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीन सेकंद म्हणजे अंतर एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावं. झाडाखाली थांबू नये, तारेच्या कुंपणाला टेकू नये. उघड्यावर अडकलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही; त्याला लगेच हात लावता येतो, आणि श्वास थांबला असेल तर छाती दाबायला ताबडतोब सुरुवात करावी. पाऊस थांबला तरी शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं जाऊ द्यावीत, मगच वावरात उतरावं.