ठसका थांबला, खोकला मात्र राहिला?
आमच्या सेविका असलेल्या घरांसाठी माहितीपत्रक

लहान मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा गेला तर सारं घर गोळा होतं. म्हातारपणी तसं होईलच असं नाही. पक्षाघात, पार्किन्सन, विसराळूपणाचा आजार किंवा झोपेची गोळी यांमुळे ठसक्याचा जोरच कमी झालेला असतो. आजोबा दोनदा खोकून गप्प बसतात आणि सुपारीचं खांड, सीताफळाची बी नाहीतर कवळीचा तुकडा खाली उतरलेला असतो. बहुतेकदा उजवीकडे, कारण तिकडची नळी जास्त रुंद आणि सरळ असते. मग कित्येक महिने खोकला, छातीत घरघर, एकाच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया. दम्याची औषधं चालू राहतात, गुण येत नाही.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहू नका. सुपारी किंवा ॲक्रिलिकची कवळी त्यात सहसा दिसतच नाही. सीटी स्कॅन लागू शकतो. कवळी तुटली असेल तर उरलेला भाग पिशवीत घालून सोबत न्या. केवढा तुकडा गेला, त्याला तार होती का, हे डॉक्टरांना त्यावरून कळतं. लोहाची गोळी गेल्याचा संशय असेल तर त्याच दिवशी दाखवा, ती विरघळताना नळीचं अस्तर भाजते.

‘छाती उघडणार का?’ असं सगळेच विचारतात. बहुधा नाही. 1897 साली जर्मनीत गुस्ताव किलियन यांनी एका 63 वर्षांच्या शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा नळीवाटे काढला, तेव्हापासून हे काम तोंडावाटे होतं. आज लवचीक दुर्बीण घालून चिमट्याने, तारेच्या जाळीने किंवा वस्तू गोठवून चिकटवणाऱ्या सळईने ती ओढून घेतात. मोठ्या, टणक वस्तूला पूर्ण भूल देऊन सरळ दुर्बीण वापरतात. वस्तू जुनी असली की भोवती मांस वाढतं, रक्त येतं. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. स्वतःहून बंद करू नका.

बोलता येईना, श्वास अडला, तर एकाने 108 लावा. दुसऱ्याने पुढे वाकवून पाठीवर पाच जोरदार थापा, मग पोटावर पाच दाब, आळीपाळीने. पाणी किंवा केळं देऊ नका, तोंडात अंदाजाने बोट घालू नका.

रात्री कवळी काढून पाण्यात ठेवणं सेविकेचं काम. उशाखालची सुपारीची चंची मात्र तुम्हीच काढून घ्या, आजोबा आमच्या मुलींचं ऐकत नाहीत.