पुण्याचा सपाट होत चाललेला उतार

कॉलिन क्लार्क या अर्थतज्ज्ञाने १९५१ साली अनेक शहरांची आकडेवारी तपासून एक नियम मांडला : शहराच्या मध्यापासून बाहेर जाताना लोकवस्तीची घनता दर किलोमीटरला साधारण एकाच प्रमाणात उतरत जाते. त्यांच्या मांडणीचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. प्रवास स्वस्त आणि वेगवान झाला, की हा उतार सपाट होऊ लागतो. मध्यभागाची वाढ थांबते आणि कडेचे पट्टे भरू लागतात.

कसबा, शनिवार, सदाशिव या पेठा माणसे पायी चालत होती तेव्हा वसल्या, म्हणून तेथे वाड्याला वाडा लागून उभा राहिला आणि मंडई, देऊळ, कचेरी सारे हाकेच्या अंतरावर आले. १८१७ मधील खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनी लष्कर, म्हणजे आजचा कॅम्प भाग, वसवले ते पेठांपासून अंतर राखून. म्हणजे पुण्याला दुसरे केंद्र मिळाले ते मोटारींच्या कितीतरी आधी. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हा पेठांतील वस्ती एका आपत्तीने बाहेर ढकलली. असे धक्के कोणत्याही समीकरणात बसत नाहीत, पण शहराचा आकार ठरवण्यात त्यांचा वाटा मोठा असतो.

उद्योगांनी मात्र केंद्रांची जागाच बदलली. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, त्यानंतरच्या दशकात एमआयडीसीने, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळावर भूखंड पाडले आणि कामगारांची घरे कारखान्यांच्या आसपास उठली. पुढे हिंजवडी, खराडी आणि मगरपट्टा येथे संगणक कंपन्या आल्या. हॅरिस आणि उलमन या भूगोलतज्ज्ञांनी १९४५ मध्ये बहुकेंद्री शहराची कल्पना मांडली होती. तिला पुण्याइतके चपखल उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. २००१ ते २०११ या दशकात पुणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे २५ लाखांवरून ३१ लाखांवर गेली, तर पिंपरी-चिंचवडची सुमारे १० लाखांवरून १७ लाखांवर. पहिली वाढ चौथाईच्या आतबाहेर, दुसरी जवळजवळ पाऊणपट!

उपग्रहचित्रांच्या साहाय्याने शहरांचा अभ्यास करणारे या विस्ताराच्या दोन अवस्था सांगतात. आधी वस्तीचे सुटे ठिपके मुख्य शहरापासून दूर उमटतात, मग त्यांमधली जागा भरून ते एकमेकांना मिळतात, आणि तोवर आणखी बाहेर नवे ठिपके उमटलेले असतात. ही भरणी जमिनीवर कशी होते, हे बाणेर-वाघोलीकडच्या गल्ल्यांत दिसते. एका गटातील, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील एका तुकड्यातील, शेत विकसकाने घेतले, रुंद डांबरी रस्ता केला. शेजारच्या गटाच्या वाटण्या रखडलेल्या, म्हणून तो रस्ता बांधावर येऊन पत्र्याच्या कुंपणाशी थांबतो आणि पलीकडची सोसायटी दोनशे पावलांवर असूनही वळसा घालूनच गाठावी लागते. शेत नाहीसे झाले तरी बांध नकाशावर उरतो. मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी जमिनी एकत्र करूनच आराखडा केला, त्यामुळे तेथील रस्ते सलग राहिले; हा अपवाद फारसा कोणी गिरवला नाही, हे आश्चर्यच आहे.

हद्दी या सगळ्याच्या मागून येतात. १९९७, २०१७ आणि २०२१ मध्ये गावे महापालिकेत आली ती बव्हंशी इमारती उठल्यावर. संपूर्ण प्रदेशासाठी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) स्थापन झाले ते २०१५ मध्ये.

घरे आणि कामे अशी विखुरल्यावर प्रवासाची दिशाही बदलते. पूर्वेकडच्या वाघोलीत राहून पश्चिमेकडच्या हिंजवडीला नोकरी करणाऱ्याला पेठांत काहीच काम नसते, पण मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गिका शिवाजीनगरच्या न्यायालयापाशी एकमेकींना छेदतात आणि हिंजवडीहून येणारी तिसरीही तेथेच आणण्याची आखणी झाली. कडेकडेने जाणारी गर्दी मग कात्रज-देहूरोड बाह्यवळणावर लोटते. मालमोटारी शहराबाहेरून जाव्यात यासाठी काढलेल्या या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता वारजे, बावधन, बाणेर, वाकड अशी वस्ती दाटली आहे आणि त्याहून लांबच्या वर्तुळाकार रस्त्यासाठी भूसंपादन हाती घ्यावे लागले आहे.