पॉम्पेई की हर्क्युलेनियम? दोन्ही सेम नाहीयेत हो

इटलीतल्या नेपल्सची ट्रिप ठरली की घरात कोणीतरी विचारतंच, एक बघितलं की दुसरं कशाला, दोन्हीकडे राखेखाली गाडलेलं गावच ना? आमच्याकडे बाबांनी विचारलं. डोंगर एकच, व्हेसुव्हियस ज्वालामुखी, उद्रेकाचं सालही एकच, इ.स. 79, पण दोन्ही गावं गाडली गेली वेगळ्या तऱ्हेने, आणि आज जे दिसतं त्यातला सगळा फरक तिथूनच येतो.

वारा आग्नेयेकडे वाहत होता, त्यामुळे पॉम्पेईवर तासन् तास हलके सच्छिद्र खडे नि राख पडत राहिली, वजनाने छपरं खचली, बरेच लोक तोवर पळाले आणि जे मागे राहिले ते दुसऱ्या दिवशी सकाळी आलेल्या तापलेल्या राखेच्या लोटात सापडले. हर्क्युलेनियम डोंगराच्या पश्चिमेला, तिथे आधी फारसं काही पडलंच नाही, मग रात्री वायू आणि राखेचा भयंकर गरम लोट थेट अंगावर आला. असे लोट येत राहून तिथे जवळजवळ 20 मीटरचा थर साचला, पॉम्पेईवर साधारण 4 ते 6 मीटर.

गंमत म्हणजे त्या उष्णतेनेच हर्क्युलेनियमचं लाकूड वाचवलं. ते जळून राख न होता कोळसा होऊन तसंच राहिलं: तुळया, दारं, घरातलं लाकडी पार्टिशन, अगदी बाळाचा पाळणासुद्धा. काही घरांचे वरचे मजले अजून उभे आहेत. पॉम्पेईत रस्ते, भिंती, चित्रं भरपूर, पण मूळचं छप्पर शोधत बसावं लागतं.

माणसांचंही तसंच. ते प्रसिद्ध प्लास्टरचे पुतळे पॉम्पेईचे. राख घट्ट झाली, आतलं शरीर कुजून पोकळी राहिली आणि 1863 मध्ये पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्लीने त्यात प्लास्टर ओतलं. हर्क्युलेनियमला किनाऱ्यावरच्या नावा ठेवायच्या कमानींखाली सुमारे 300 सांगाडे सापडले, तेही 1980 नंतर, तोवर लोकांना वाटायचं की गाव वेळेत रिकामं झालं होतं. लहान मुलं असतील तर आधी सांगून ठेवा.

आता चालण्याचं बघू. पॉम्पेई 66 हेक्टर, त्यातला एक तृतीयांश अजून जमिनीखालीच. ओबडधोबड दगडी रस्ते, सावली जवळपास नाही, आईच्या गुडघ्यांनी दोन तासांत हात टेकले. हर्क्युलेनियमचा उघडा भाग जेमतेम 4-5 हेक्टर, कारण डोक्यावर आजचं एर्कोलानो गाव वसलंय. दोन्ही नेपल्स-सोरेंतो लोकल ट्रेनवरच आहेत. एकच दिवस असेल आणि सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर मी सरळ हर्क्युलेनियम म्हणेन. अख्खं शहर केवढं होतं, 20 हजार लोक बसतील असं अँफिथिएटर कसं होतं हे बघायचं तर मात्र पॉम्पेईला पर्याय नाही.

खाण्याच्या खुणा दोन्हीकडे आहेत. रस्त्याला लागून दगडी ओटा, त्यात पुरलेले रांजण, ते थर्मोपोलियम म्हणजे तेव्हाचं खाऊचं दुकान. 2023 मध्ये पॉम्पेईत पिझ्झासारखं दिसणारं चित्र सापडलं त्याची केवढी बातमी झाली, पण टोमॅटो युरोपात आला अमेरिकेतून, दीड हजार वर्षांनी, तेव्हा तो पिझ्झा नव्हेच. खरा पिझ्झा संध्याकाळी नेपल्सला परत आल्यावर खा.

आणि नेपल्सच्या पुरातत्त्व म्युझियमला जाच. पॉम्पेईत 1938 ला सापडलेली हस्तिदंती 'लक्ष्मी' तिथे आहे, खरंतर ती यक्षी असावी असं बरेच अभ्यासक म्हणतात, आणि तिचं साम्य आपल्या भोकरदन आणि तेरला मिळालेल्या मूर्तींशी आहे. फक्त ती ठेवलीये 'सिक्रेट कॅबिनेट' नावाच्या दालनात, तिथला बाकीचा ऐवज जरा जास्तच मोकळाढाकळा आहे, तेव्हा आजी-आजोबा आणि नातवंडं एकदम आत नेऊ नका.